आचाऱ्यांना की आचार्यांना?

(लघुपटाचं निवेदन)

दृश्य : संगणकाचा पडदा. एक जुनी फाईल उघडते.

पडद्यावर तुम्हाला रोमन अक्षरांची खिचडी दिसत असेल. त्यात डी, एफ, ओ, आर, के ही पाच अक्षरं लागोपाठ आहेत, तिथे 'कविता' असं लिहिलंय. कृतिदेव नावाच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला हा मजकूर आहे. संगणकाच्या लेखी इथे देवनागरी कधी नव्हतीच. त्याने साठवला तो डी, आणि दाखवताना डीच्या जागी क चं चित्र काढलं. फॉन्ट आहे तोवर कविता, फॉन्ट नाही तर ही खिचडी.

फाईल इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या स्मरणिकेची आहे. साल 2001. त्या वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदूरला भरलं होतं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. त्या उत्साहात गावात बरंच काही छापलं गेलं, त्यातलीच ही एक. छापील प्रती वाटून संपल्या, कपाटातल्या वाळवीनं नेल्या. राहिली ती सीडी, आणि ती काही केल्या उघडेना.

दृश्य : राजेंद्रनगर, सकाळ. जिना चढून वरच्या खोलीत.

इथे राहतात ते काका. बँकेतून निवृत्त झालेत. 'नाव घालू नका, त्यात माझं काही नाही,' म्हणाले, म्हणून आपणही काकाच म्हणू. खोलीत तीन संगणक आहेत, तिन्ही दुसऱ्यांनी टाकून दिलेले. तिन्हींवर डेबियन चालतं. विंडोजसारखंच संगणक चालवणारं, पण कुणालाही उघडून बदलता येणारं हे लिनक्स. मंडळानं ती सीडी त्यांच्याकडे दिली ती 'बघा काही होतंय का' एवढ्याच अपेक्षेनं.

काका सीडीबद्दल बोलण्याआधी 1917 बद्दल बोलतात. त्या वर्षीही संमेलन इंदूरलाच होतं, गणेश जनार्दन आगाशे अध्यक्ष होते. 'त्या वेळचा एखादा छापील कागद आज मला मिळाला, तर तो वाचायला मला कुणाची परवानगी लागते का? चश्मा लागतो. आणि ही आपलीच फाईल, आपल्याच माणसांनी लिहिलेली, तिला मात्र कुणाची तरी परवानगी पाहिजे.'

ती परवानगी कुणाची, ते बघू. स्मरणिका पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये मांडलेली होती. पेजमेकर 1985 साली ऑल्डस कंपनीनं काढलं, 1994 मध्ये ते अडोबीकडे गेलं, आणि 2001 च्या सातव्या आवृत्तीनंतर ते तिथेच थांबलं. पुढे कंपनीचा सगळा भर इनडिझाईन या तिच्या दुसऱ्या प्रोग्रॅमवर. व्यापाराच्या दृष्टीनं यात गैर काही नाही, दुकानदार जुना माल बंद करतोच. पण पेजमेकरची फाईल आतून कशी रचलेली असते, हे फक्त त्या कंपनीला माहीत. म्हणजे दुकान बंद झालं आणि तुमच्या घरातल्या कपाटाची किल्लीही दुकानदाराबरोबर गेली.

मग ही फाईल पडद्यावर उघडली कशी? लिबरऑफिसमुळे. ओपनऑफिस या ऑफिसच्या कामाच्या मोकळ्या सॉफ्टवेअरमधून 2010 साली फुटून निघालेला हा प्रकल्प. त्याच्या आसपासच्या काही लोकांनी अशा अनाथ फायली वाचायचं काम अंगावर घेतलं. पेजमेकरच्या फायली बाइट-बाइट तपासल्या, कुठे पान संपतं, कुठे मजकूर सुरू होतो ते शोधून काढलं. 2015 च्या 4.4 आवृत्तीपासून लिबरऑफिस ड्रॉमध्ये पेजमेकरची फाईल उघडते. मांडणी थोडी विस्कटते, चौकटी सरकतात, पण मजकूर येतो. ज्यांनी हे केलं त्यांना इंदूरच्या मंडळाची स्मरणिका माहीत असायचं कारण नाही.

दृश्य : काकांचा पडदा जवळून. डावीकडे कृतिदेवचा मजकूर, उजवीकडे युनिकोड.

आता खरी गंमत. फाईल उघडली तरी ती खिचडीच आहे, तिची देवनागरी करायची आहे. म्हणजे ती युनिकोडमध्ये न्यायची, जिथे क हा क म्हणूनच साठवला जातो, फॉन्ट कुठलाही असो. त्यासाठी कन्व्हर्टर, म्हणजे मजकूर बदलून देणारे प्रोग्रॅम असतात. वरवर पाहता काम सोपं वाटतं : डी दिसला की क, ओ दिसला की व. पण कृतिदेव म्हणजे टाईपरायटरची चाल. जे आधी दिसतं ते आधी टाईप करायचं. 'कवि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना व च्या आधी दिसते, म्हणून तिची कळ व च्या आधी. युनिकोडला वेलांटी व च्या नंतर लागते. रफाराचं उलट. 'वर्ग' शब्दात रफार ग च्या डोक्यावर बसतो, म्हणून कृतिदेवमध्ये तो शेवटी टाईप होतो. युनिकोडला र आधी हवा. तेव्हा कन्व्हर्टरला नुसती अदलाबदल करून भागत नाही, त्याला अक्षरं उचलून दुसरीकडे बसवावी लागतात.

काकांना एक बरा कन्व्हर्टर मिळाला. हिंदीसाठी केलेला, सोर्स कोडसकट, म्हणजे प्रोग्रॅम ज्या ओळींनी लिहिला त्या ओळींसकट. त्यातून स्मरणिकेचा मजकूर काढला तर बहुतेक सगळं सुरेख आलं, आणि अध्यक्षीय मनोगतात हे वाक्य निघालं : 'गणेशोत्सवातील महाप्रसादाबद्दल आचार्यांना मनःपूर्वक धन्यवाद.'

आचार्यांनी महाप्रसाद रांधला नव्हता. रांधला होता आचाऱ्यांनी. मूळ टाईप करणाऱ्याला त्या फॉन्टमध्ये मराठीचा अर्धा ऱ् सापडला नसावा, त्यानं सरळ रफार देऊन टाकला. वाचणारा मराठी असला की तो समजून घेतो. कन्व्हर्टर कसा समजून घेणार? हिंदीत हा प्रश्नच येत नाही, त्यामुळे करणाऱ्यानं तो विचारातही घेतलेला नाही. आणि सगळीकडे रफार काढून ऱ्या करावं म्हटलं, तर 'सूर्या'चं काय करायचं? 'कार्यालया'चं?

काकांनी शब्दांची यादी केली. दुसऱ्या, तिसऱ्या, पायऱ्या, कर्मचाऱ्यांचे, इंदूरकरांना हमखास लागणारं 'बऱ्याच वर्षांनी'. या यादीतले शब्द आपोआप सुधारायचे. आणि आचारी-आचार्य यांच्यासारखे दोन्हीकडून खरे असणारे शब्द पिवळ्या रंगात दाखवायचे, म्हणजे माणूस बघून ठरवेल. कोडमध्ये काही ओळी वाढवल्या आणि त्या मूळ करणाऱ्याला पाठवूनही दिल्या.

सॉफ्टवेअरचं स्वातंत्र्य म्हणजे काय असं कुणी विचारलं, की काका हे वाक्य दाखवतात. व्याख्या नंतर. 'त्या माणसाला मराठी येत नाही, त्याची चूक नाही. माझी अडचण त्यानं सोडवावी अशी माझी अपेक्षाही नाही. त्यानं फक्त झाकण उघडं ठेवलं. माझं मी बघून घेतलं.'

दृश्य : टेबलावर उघडलेला प्रिंटर. काका कागद ओढून काढताहेत.

प्रिंटर अडकला की मोकळ्या सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनची गोष्ट निघणारच. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी सोय केली होती : कागद अडकला, की ज्यांची कामं खोळंबलीत त्यांच्या पडद्यावर निरोप जायचा. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड आला नाही. ज्याच्याकडे होता त्यानं गुप्ततेचा करार केलेला, त्यानं द्यायला नकार दिला. 27 सप्टेंबर 1983 रोजी स्टॉलमननी ग्नू हा मोकळ्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, आणि 1989 मध्ये जीपीएल हा परवाना आला. प्रोग्रॅम हवा तसा चालवा, उघडून बघा, वाटा, बदलून वाटा. अट एकच : पुढच्यालाही हीच मुभा द्या. काकांना ती अटच सगळ्यात आवडते. बँकेतला माणूस, जामीनदाराची किंमत त्याला कळते.

मोकळ्या सॉफ्टवेअरला कुणी 'फुकट' म्हटलं, की मात्र ते उखडतात. इंदुरात जेल रोडला संगणक जुळवून घेतला, की त्यात विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, कोरल सगळं 'टाकून' मिळायचं, पैसे विचारायचे नाहीत, अशी कित्येक वर्षं गेली. काकांचं मत असं की मोकळ्या सॉफ्टवेअरचं आपल्याकडे सगळ्यात मोठं नुकसान कंपन्यांनी केलं नाही, या चोरीच्या सीडीनं केलं. 'चोरून आणलं म्हणून कुलूप उघडत नाही हो! तेच कुलूप, तीच फाईल, फक्त पावती नाही. आणि लोकांना वाटतं, आपण कंपनीला फसवलं. सवय लागली कुणाला?'

यात तथ्य आहे. पण आम्हाला हेही म्हणायचंय की त्याच सीडींवर या गावातल्या शेकडो पोरांनी डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी, शिकून घरं चालवली. काकांनी हे ऐकून घेतलं. मान्य केलं असं दिसलं नाही.

दृश्य : रात्र. राजवाड्यासमोरची वर्दळ, लोकांच्या हातात फोन.

काकांचा पुतण्या आयटीत आहे, तो म्हणतो : 'काका, तुम्ही जिंकलात की. सगळ्यांच्या अँड्रॉइडमध्ये लिनक्सच आहे.' खरं आहे. फोनवर 'ज्ञानेश्वर' लिहिलं की जोडाक्षरं जागच्या जागी बसवणारा हार्फबझ हाही मोकळाच प्रोग्रॅम आहे. क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस सगळे तोच वापरतात. काका म्हणतात, कोड जिंकला, माणूस कुठे जिंकला? फोनमध्ये लिनक्स आहे, पण बहुतेक फोनमध्ये ते बदलून स्वतःचं घालायचं म्हटलं तर दार बंद. कंपन्यांना स्वातंत्र्य मिळालं, त्यांनी ते आपल्यापर्यंत येऊ दिलं नाही.

दुसरं एक ते प्रांजळपणे सांगतात. कोड उघडा आहे म्हणजे कुणीतरी तो वाचतंय, असं नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्याशा प्रोग्रॅममध्ये चोरदार सापडलं. फायली आवळून लहान करणारा हा प्रोग्रॅम, लिनक्सवर जिकडेतिकडे असतो. सांभाळणारा जवळजवळ एकटा माणूस, थकलेला. मदतीला म्हणून कुणीतरी आलं, दोनेक वर्षं गोड वागून विश्वास मिळवला, आणि मग आत विष कालवलं. उघडकीला कसं आलं? आंद्रेस फ्रॉइंड या माणसाला दूरच्या संगणकात शिरताना अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढंच खटकलं. तो खोदत गेला. 'तो खोदू शकला, कारण कोड समोर होता,' हे काका म्हणतात. 'पण तो अर्धा सेकंद कुणाला खटकलाच नसता तर?' हेही तेच म्हणतात. आणि फ्रॉइंड नोकरीला कुठे, तर मायक्रोसॉफ्टमध्ये. हे सांगताना काकांना हसू आवरत नाही.

दृश्य : वर्तमानपत्राची कात्रणं, एका वहीत चिकटवलेली.

सध्या वाद घालायला काकांना सगळ्यात आवडतो तो विषय म्हणजे स्वदेशी. जुलै 2025 मध्ये युरोपीय महासंघानं नायरा एनर्जीवर निर्बंध लादले. रशियाच्या रोझनेफ्टचा मोठा हिस्सा असलेली ही कंपनी, गुजरातमध्ये वाडीनारला तिचा तेलशुद्धीकरण कारखाना. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टनं कंपनीचा ईमेल आणि बाकी सेवा बंद केल्या. पैसे भरलेले, करार झालेला. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा पुन्हा सुरू झाल्या. त्याच वर्षी बातमी आली, की केंद्र सरकारच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांचा ईमेल झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर नेला आहे.

मित्रमंडळी खूश. काका अर्धे खूश. 'किल्ली परक्याकडून काढून घरच्या माणसाकडे दिली, चांगलं केलं. पण माझ्याकडे दिली का? 2015 साली सरकारनंच धोरण काढलं होतं, की सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या. ते कुठल्या फायलीत आहे?' आम्हाला वाटतं, काका इथे जरा जास्त ताणतात. 12 लाख लोकांचा ईमेल रोज सकाळी चालू असावा लागतो, आणि तो चालवणारं कुणीतरी पगारी लागतं. यावर त्यांचं उत्तर तयार असतं : पगारी माणूस ठेवा की, फक्त कोड उघडा ठेवायची अट घाला. चहा थंड झाला तरी हे चालूच.

एवढे कडवे असून ते सोवळे मात्र नाहीत. वायफायची चिप चालायला कंपनीचं बंद फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, लागतं. 2023 च्या डेबियन 12 नं ते सुरुवातीच्या सीडीतच घालायला सुरुवात केली, तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. काका म्हणाले, बरोबर केलं. ज्याच्या संगणकाला नेटच लागत नाही त्याला स्वातंत्र्य काय सांगणार? व्हॉट्सॲपही वापरतात. नातवंडं तिथे आहेत.

दृश्य : खजुरी बाजाराजवळची गल्ली. डीटीपीचं दुकान, भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने.

शेवटचं चित्रीकरण इथे. मंडळाची यंदाची स्मरणिका या दुकानात लागते आहे. काकांचा हट्ट, की छापायच्या पीडीएफबरोबर सगळा मजकूर युनिकोडमध्ये, ओडीटी या कुलूप नसलेल्या प्रकारची फाईल करून मंडळाला मिळाला पाहिजे. दुकानदार नाही म्हणत नाहीत. त्यांच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. काकांनी त्यांच्या जुन्या संगणकावर स्क्रायबस हा पानं लावायचा मोकळा प्रोग्रॅम बसवून दिलाय. 2024 मध्ये आलेल्या 1.6 आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं नीट येतात, छपाईचे चार रंगही वेगळे होतात. पण पत्रिकेचं काम कोरलमध्ये वीस मिनिटांत उरकतं, ते इथे दुपारभर चालतं.

'काका, गिऱ्हाईकाला कार्ड संध्याकाळी पाहिजे असतं. स्मरणिकेचं मी करतो, तुम्ही म्हणता तसं. लग्नाचं नाही करणार.'

'लग्नाचं कोण मागतंय? लग्न झालं की पत्रिकेचं काम संपलं.'

दुकानदारांची दुसरी अट बोटांची होती. आयुष्य टाईपरायटरच्या चालीच्या रेमिंग्टन कळांवर गेलं, इनस्क्रिप्ट ही कळांची दुसरी मांडणी नव्यानं शिकायची नाही. त्याची सोय आधीपासून होती. युनिकोडमध्ये टाईप करणारा रेमिंग्टन कळफलक डेबियनमध्ये मिळतो, आणि तो म्हणजे साधी मजकुराची फाईल आहे. कोणती कळ दाबली की कोणतं अक्षर, ओळीनं लिहिलेलं. काकांनी ती उघडली, मराठीचा अर्धा ऱ् घातला, एका मोकळ्या कळीवर बसवला, आणि दुकानदारांना म्हणाले, 'हां, आता टाईप करा. आचाऱ्यांना.'

त्यांनी टाईप केलं. बोट अडखळलं.

'इथे नको काका. इथे माझा अंगठा जात नाही. त्या वरच्या ओळीत घाला, शून्याच्या शेजारी.'

काकांनी फाईल पुन्हा उघडली.