बुटातला चिंचोका

"तसा त्रास काहीच नाही, डॉक्टर." हे वाक्य मी रोज ऐकतो. बाहेर तुमच्या फळ्यावर 'मधुमेह : समज आणि गैरसमज' असं लिहिलंय, पण मी बोलणार आहे ते या एका वाक्याबद्दलच.

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. म्हणजे त्यांना बायकोनं ओढून आणलं होतं. "मोज्याला रक्त लागलंय आणि हे म्हणतात, कुठून आलं ठाऊक नाही!" मी बूट काढायला लावला आणि जमिनीवर आपटला. आतून टणकन चिंचोका पडला. नातवाचा उद्योग. आदल्या दिवशी काका तोच बूट घालून सकाळी फिरायला, मग बँकेत, संध्याकाळी एका लग्नाला जाऊन आले होते. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम. तुमच्या-माझ्या चपलेत बारीकसा खडा गेला तरी आपण भर रस्त्यात एका पायावर उभे राहतो. काकांनी चिंचोक्यावर दिवस काढला, आणि त्रास काहीच नाही.

असं का होतं? आधी साखर किती, ते बघू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमागे साखर १०० मिलिग्रॅमच्या आत हवी. करा हिशेब. सगळ्या रक्तात मिळून पाच ग्रॅम, एक चमचा! चहाच्या कपात आपण याहून जास्त टाकतो. पुन्हा तपासूनही हा आकडा १२६ किंवा त्याहून जास्त आला की आम्ही मधुमेह म्हणतो. म्हणजे चमच्याचा सव्वा चमचा झाला, एवढंच. शरीर इतक्या काट्यावर चालतं.

आता इन्सुलिन. इन्सुलिन म्हणजे किल्ली, ती पेशीचं दार उघडते, हा दाखला तुम्ही ऐकला असेल. बरोबर आहे, पण अर्धाच. स्नायूंना आणि चरबीला ही किल्ली लागते. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि नसा (रक्तवाहिन्या नव्हे, मज्जातंतू) यांच्या दाराला मात्र असं कुलूपच नाही. रक्तात साखर वाढली की ती तिथे सरळ आत शिरते. स्नायू उपाशी आणि या बिचाऱ्यांच्या घरात पूर! म्हणून मधुमेहाचा मार नेमका इथे बसतो.

नसांमध्ये सगळ्यात लांब त्या पायाच्या, कमरेपासून थेट बोटांपर्यंत गेलेल्या. बहुधा त्या आधी बिघडतात. आधी मुंग्या, रात्रीची आग, मग मोजा घातल्यासारखा बधिरपणा. गंमत अशी की आग थांबली की पेशंट खूश होतो. त्याला वाटतं, बरं झालं. कधी कधी खरंच बरं असतं, पण पुष्कळदा तिथली नस बोलायची थांबलेली असते.

डोळ्याचंही तेच. पडद्यावर रक्तस्राव सुरू झालेले असतात आणि माणूस पेपर व्यवस्थित वाचत असतो. चष्म्याचा नंबर काढून हे कळत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा बघावा लागतो. मूत्रपिंड तर सगळ्यात सोशिक. लघवीतून प्रथिन जायला लागतं तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा कचरा, अजून नॉर्मलच असतं. हृदयाच्याही नसा मंदावतात, त्यामुळे काहींना अटॅक येतो तो छातीत न दुखताच. नुसता घाम, नुसती धाप.

"पण मी तर बारीक आहे," असं कुणी म्हणेल. त्यासाठी पुण्याचीच गोष्ट. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यूडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी? यूडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येही त्यांना हेच दिसलं होतं. इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमध्ये सरासरी वजन ३.५ किलो, आपल्याकडे २.७. स्नायू कमी, पण चरबी फारशी कमी नाही. तेव्हा हडकुळ्यांनी निर्धास्त राहू नये.

तपासणीचं एक सांगतो. दिवाळीत अनारसे-करंज्या हाणायच्या, मग चार दिवस कारल्याचा रस पिऊन लॅबमध्ये जायचं, हा आपला राष्ट्रीय कार्यक्रम. उपाशीपोटीचा आकडा त्याला फसतो, एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी फसत नाही. साखर तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि ती पेशी सुमारे १२० दिवस जगते. दोन-तीन महिन्यांची चहाडी त्यात लिहिलेली असते. मात्र रक्त फार कमी असेल तर हा आकडा चुकू शकतो, तेव्हा डॉक्टरांना तसं सांगा.

काकांची जखम भरायला अकरा आठवडे लागले. बोट वाचलं. आता ते बूट घालण्याआधी उपडा करून आपटतात, आणि काकू रोज रात्री त्यांचे तळवे बॅटरीनं बघतात.

गूळ चालेल का, अशा सात चिठ्ठ्या आल्या आहेत. नाही, रक्ताला गूळही साखरच. बाकीच्या चिठ्ठ्या नंतर घेतो. हा नायलॉनचा दोरा बघा. वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. पहिल्या रांगेपासून सुरू करू. चपला काढा, डोळे मिटा आणि टोचलेलं कळलं की 'हो' म्हणा. काकू, लाजू नका, टाचेला भेगा माझ्याही आहेत.