बेअरिंग तुटतं घाटात, मरतं धक्क्यावर

(मे महिन्यात मालवणात होडीमालक आणि जलक्रीडा व्यावसायिकांसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मला पाऊण तास दिलाय आणि विषय दिलाय ‘होडीच्या ट्रेलरचा एक्सल आणि बेअरिंग: तपासणी आणि निगा’. तपासणी सांगतोच. पण एक गोष्ट गेली दहा-बारा वर्षं माझ्या डोक्यात घर करून बसलीय, ती मांडल्याशिवाय मी आज खाली बसणार नाही. बेअरिंग गेलं की आपण ग्रीसला शिव्या घालतो, दुकानदाराला घालतो, खड्ड्यांना तर घालतोच. माझं म्हणणं असं, की आपल्या ट्रेलरचं बेअरिंग मरतं ते धक्क्यावर, होडी उतरवायच्या जागी. ट्रेलर रिव्हर्स घेऊन पाण्यात घालता ना, त्या दोन मिनिटांत. तुटतं मात्र पंधरा दिवसांनी नाहीतर महिन्याने, आणि तेही जिथे मोबाइलला रेंज नाही अशा जागी.

हा बघा, बांगडीसारखा तुकडा. बेअरिंगचा कप. हबात, म्हणजे चाकाच्या मधल्या पोकळ तुंब्यात, ठोकून बसवलेला असतो, आणि त्याच्या आत कोन फिरतो, म्हणजे शंकूसारखं रोलरवालं कडं. हातोहात मागे पाठवा. आतल्या अंगाला बोट फिरवा. काळ्या उभ्या रेघा दिसतील, ठरावीक अंतराने, फणीच्या दातांसारख्या. नखाला लागतात. हा कप मी दहा वर्षं जपून ठेवलाय. का, ते ऐका.

आपल्याच पट्ट्यातला एक होडीवाला. त्याने जुनी फायबरची होडी कोल्हापूरकडच्या एका पार्टीला विकली, तलावात चालवायला. पोचवून द्यायची जबाबदारी याची. ट्रेलर माझ्याकडे आला. मी दोन्ही हब उघडले, चारही बेअरिंगं धुतली, चांगलं लिथियम ग्रीस हाताने भरलं, हबाचं तोंड बंद करणारी नवी सीलं घातली. माझ्या हातचं काम, म्हणजे मला खात्री होती. पंधरा दिवसांनी रात्री निघालो. मीही बरोबर होतो, कारण कोल्हापुरात मला सामान घ्यायचं होतं. कासाल, कणकवली, फोंडा, सगळं सुरळीत. फोंडाघाट चढायला लागलो आणि वास आला. ब्रेक लायनरचा नाही, आमच्या ट्रेलरला ब्रेकच नव्हते. जळक्या तेलाचा वास, फोडणी करपल्यासारखा. मी म्हटलं, थांबव. तो म्हणाला, वरती दाजीपूरला थांबू, इथे वळणावर कुठे उभी करणार? बरोबरच होतं त्याचं, मागून ट्रक येत होते.

पुढच्या वळणावर गाडी एकदम मागे ओढल्यासारखी झाली. आरशात बघतो तर ट्रेलरचं डावं चाक हबासकट आमच्या मागच्या अंगाने घरंगळत कठड्याकडे चाललंय. कठड्याला आपटून गटारात पडलं म्हणून निभावलं. समोरून दुचाकी येत असती तर आज मी इथे बोलायला उभा राहिलो नसतो. ट्रेलरचा आस, म्हणजे एक्सल, रस्त्यावर घासला, ठिणग्या उडाल्या, होडी तिरकी झाली. सबंध रात्र घाटात काढली. झाडाच्या फांद्या तोडून मागे-पुढे टाकल्या, येणाऱ्याला सावध करायला. पहाटे क्रेन आली.

उजाडल्यावर मी स्टब बघितला, म्हणजे एक्सलचं टोक, ज्यावर चाक फिरतं. निळा पडला होता, लोहाराच्या भट्टीतून काढल्यासारखा. आतल्या बेअरिंगचा कोन स्टबला चिकटून बसलेला, रोलर वितळून एकमेकांत गेलेले, नटचे आटे तासून गेलेले. होडीवाला माझ्याकडे बघत होता. तोंडाने काही बोलला नाही, पण नजर सांगत होती की काम तूच केलंस. मला ती नजर आजही आठवते.

गॅरेजला आल्यावर मी उजवं चाक उघडलं, जे शाबूत होतं. ग्रीस भरपूर होतं. पण पांढरं! ताकात कालवल्यासारखं. पुसून काढलं तेव्हा कपावर या रेघा दिसल्या. तोच कप तुमच्या हातात आहे. मग मी त्याला एकच विचारलं, मी ग्रीस भरून दिल्यावर तू ट्रेलर नेलास कुठे? म्हणाला, त्याच दिवशी कणकवलीहून इंजिनाचं काम करून होडी आणली, भर दुपारी, कुठे न थांबता, आणि आल्या आल्या सरळ पाण्यात उतरवली. त्यानंतर ट्रेलर पंधरा दिवस माडाखाली उभा.

सापडलं. आता हिशोब बघा. हबात ग्रीस सगळीकडे नसतं, मधे पोकळी असते, तिच्यात हवा. धावून धावून हब तापला, समजा 70 अंश. तो तुम्ही 28 अंशांच्या पाण्यात बुडवला. आतली हवा झटकन आक्रसते, सुमारे आठव्या भागाने. ती जागा भरायला काहीतरी आत येणारच, आणि बाहेर आहे खारं पाणी. सील आहे ना, म्हणाल. साध्या सीलचं ओठ आतल्या बाजूला वळलेलं असतं, ते ग्रीस बाहेर जाऊ नये म्हणून. बाहेरून पाणी ओढलं जाताना ते काय अडवणार? हब अक्षरशः घोट घेतो. आणि ज्या पोलादाची बेअरिंगं होतात, बाजारात ज्याला एन 31 म्हणतात, त्यात क्रोमियम असतं दीड टक्क्याच्या आसपास. स्टेनलेसला किमान साडेदहा टक्के लागतं. म्हणजे गंजायला ते मोकळंच. फिरत असताना पाणी एका जागी राहत नाही. उभं राहिलं की प्रत्येक रोलर कपाला जिथे टेकतो तिथे पाणी साचून तेवढीच रेघ खाल्ली जाते. मग रोलर त्या रेघांवरून उड्या मारतात, पोपडे निघतात, पोपडे ग्रीसमधे फिरतात, आणि फोंडाघाट.

आमचे आजोबा बैलगाडीतून चिरे वाहायचे. गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडला की गाडी थांबवून चाकाला वंगण द्यायचं, हा त्यांचा नेम. बैल कितीही घाईत असोत. आणि देवबागचे एक म्हातारे तांडेल, ट्रॅक्टरवाल्याने ट्रेलर आणून थेट कर्ली खाडीत घालायला घेतला की काठी आडवी धरून ओरडायचे, “मेल्या, आधी थंड होवंदे!” त्यांना कोणी हवेचं आकुंचन शिकवलं नव्हतं. आम्ही पोरं हसायचो. आता मी तीच काठी धरून उभा आहे.

थोडं विषयांतर करतो, कारण मला याचं फार अप्रूप आहे. रोमजवळ नेमी नावाचं तळं आहे. विसाव्या शतकात त्यातलं पाणी उपसलं तेव्हा सम्राट कॅलिग्युलाच्या काळातली दोन प्रचंड जहाजं मिळाली, आणि त्यात एका फिरत्या चौथऱ्याखाली ब्राँझच्या गोळ्या. बॉल बेअरिंग म्हणा ना, आणि तेही बोटीवर! 1944 च्या आगीत ती जहाजं जळाली, वाचताना माझ्या पोटात कालवलं. आणि आपलं हे शंकूच्या रोलरचं बेअरिंग, त्याचं पेटंट 1898 सालचं, हेन्री टिमकेनचं. तो घोडागाड्या बनवायचा. म्हणजे आमच्या आजोबांच्या जातकुळीतलाच माणूस. वळणावर चाकाला आडवा रेटा बसतो, तो झेलायला त्याने रोलर तिरके केले. म्हणूनच ही बेअरिंगं जोडीने, तोंडाला तोंड अशी बसवतात...

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. बरं, तपासणी घेतो, भराभर लिहून घ्या.

ट्रेलर जॅकवर घ्या, चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखडलं तर ढिलं आहे किंवा गेलं आहे. मग चाक फिरवा आणि दुसरा हात पाट्यावर, म्हणजे एक्सलवरच्या स्प्रिंगवर, ठेवा. कानाला कळायच्या आधी हाताला कळतं, वाळू दळल्यासारखं लागतं. हबाची टोपी काढा, ग्रीस बोटांत चोळा. पांढरं असेल, म्हणजे पाणी शिरलं असेल, तर सगळं उघडा, वरून गनने नवीन मारून झाकू नका. डिझेलमधे धुवा, कोरडं करा, पण कॉम्प्रेसरच्या हवेने गरगरा फिरवू नका, रोलर सुटून डोळ्यात जातो. पोपडा, खड्डा, निळा डाग, यातलं एक जरी दिसलं तरी कप आणि कोन दोन्ही बदला. नुसता कोन बदलून जुना कप ठेवणारे आहेत, त्यांचं पुन्हा महिन्याभरात येणं होतं. जुन्यावरचा नंबर फोटो काढून दुकानात न्या.

ग्रीस पाण्यात टिकणारं घ्या, आणि दोन जातींची ग्रिसं एकत्र करू नका, पातळ होऊन वाहतात. तळहातावर गोळा घेऊन कोनाची रुंद बाजू त्यावर दाबत राहा, वरून ग्रीस डोकावेपर्यंत. सील दुहेरी ओठाचं, दर वेळी नवीन. सील स्टबवर ज्या जागी घासतं तिथे गंजाची खाच असेल तर नवीन सीलही गळणार. नट आवळताना चाक फिरवत राहा, मग सैल सोडा, मग नुसत्या बोटांनी टेकवा. पाना लावून करकचून आवळला की बेअरिंग पहिल्याच फेरीला तापतं. स्प्लिट पिन नवीन घाला, जुनी सरळ करून पुन्हा वापरू नका, दहा रुपयांसाठी चाक घालवाल.

एक्सल. पाट्याच्या बैठकीजवळचं वेल्डिंग तारेच्या ब्रशने घासून बघा, चीर तिथेच जाते. पोकळ पाइपचा असेल तर हातोडीने ठोकत जा, आवाज बद्द झाला की आतून खाल्लाय. पाटा एक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट हातात चुरा होईपर्यंत थांबू नका. टायर एकाच कडेने झिजत असेल तर एक्सल वाकलाय.

आणि धक्क्यावर. आलात की हबाला हात लावा. हात ठेववत नसेल तर अर्धा तास थांबा. होडीचे पट्टे सोडा, सामान चढवा, चहा घ्या. बाहेर काढल्यावर गोड्या पाण्याने धुवा. स्प्रिंगवाली टोपी मिळते, ती आतला दाब बाहेरच्यापेक्षा जरा जास्त ठेवते, ती बसवा. पण तिच्या भरवशावर तापलेला हब बुडवू नका.

आता 26 मेपासून 31 ऑगस्टपर्यंत आपलं सगळं बंद. ट्रेलर तसाच माडाखाली उभा करू नका. ठोकळ्यांवर चढवा, आत्ताच हब उघडून कोरडे करून भरा, आणि पावसात दर पंधरवड्याला चाकं चार वेढे फिरवा, म्हणजे रोलर जागा बदलतील.

वेळ संपली. हे टेबलावर मी एक हब उघडून ठेवलाय, ग्रीस आहे, चिंध्या आहेत. चहा होईपर्यंत एकेकाने येऊन एक कोन हाताने भरून बघा. आणि तो कप कुठवर पोचला? शेवटच्या रांगेत? परत पाठवा, पुढच्या महिन्यात वेंगुर्ल्याला न्यायचाय.