वजनकाट्यावरचे घर

[दृश्य : पहाट. महामार्गालगतचा वजनकाटा. ट्रकांच्या रांगेत पडदे लावलेली एक गाडी.]

पुण्याबाहेरच्या या वजनकाट्यावर एरवी वाळूचे आणि सळयांचे ट्रक उभे असतात. त्या रांगेत खिडक्यांना पडदे लावलेली टेम्पो ट्रॅव्हलर पाहून काट्यावरच्या माणसाने आत काय माल आहे, अशी चौकशी केली होती. मालामध्ये आम्ही नवरा-बायको, एक पलंग, एक ओटा, एक फ्रीज आणि भिंतभर कपाटे होती. डिझेलची टाकी भरलेली होती, पाण्याची टाकी रिकामी होती. काट्याची चिठ्ठी नोंदणी प्रमाणपत्रावरील कमाल वजनाशी ताडून पाहिली, तेव्हा मर्यादेला ६० किलो उरलेले दिसले. पाण्याची टाकी ८० लिटरची आहे. म्हणजे नुसते पाणी भरताच गाडी मर्यादेच्या २० किलो पुढे जाणार होती, आणि कपडे, किराणा व भांडी तर अजून चढायचीच होती.

त्या चिठ्ठीनंतर आम्ही सहलीचा बेत रद्द केला आणि पुढच्या रविवारी पान्हे व स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आतले घर उसवायला बसलो.

ही गाडी आम्ही जुनी विकत घेतली होती. कॅरॅव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, म्हणून तिची रीतसर नोंदणी झालेली होती आणि आतले लाकूडकाम फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन बसवणाऱ्या एका कारागिराने केले होते. काम वाईट होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कोथरूडमधल्या एखाद्या स्वयंपाकघरात ते पंचवीस वर्षे टिकले असते. सगळी कपाटे १८ मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायची होती, त्यांवर सनमायका होता आणि ओट्याला काळा ग्रॅनाइट बसवलेला होता. घराच्या भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या कपाटाचे वजन कुणी विचारत नाही. गाडीत मात्र तेच वजन प्रत्येक चढावर इंजिनाला ओढावे लागते आणि प्रत्येक उतारावर ब्रेकला अडवावे लागते.

[दृश्य : जमिनीवर मांडलेल्या फळ्या. घरगुती तराजू. वही.]

आठ बाय चार फुटांची १८ मिलिमीटरची एक प्लायशीट साधारण ३५ किलो भरते. त्याच आकाराची ९ मिलिमीटरची शीट त्याच्या निम्म्याने, म्हणजे १७ किलोच्या आसपास असते, आणि एका बाजूचा सनमायका शीटमागे आणखी सुमारे चार किलो घालतो. आमच्या गाडीत अशा पाच शीटांचे काम होते. चार फूट लांब आणि दीड फूट रुंद असा ओट्यावरचा ग्रॅनाइट एकटाच २७ किलोंचा निघाला. तो उतरवताना आम्हा दोघांना शेजाऱ्यांना हाक मारावी लागली, आणि शेजाऱ्यांनी तो लगेच स्वतःच्या बाल्कनीतील कट्ट्यासाठी मागून घेतला.

या कामात कशाला हात लावायचा नाही, हे आम्ही आधी ठरवून घेतले. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे लागू केले. म्हणून गाडीचा सांगाडा, छप्पर, खिडक्या, प्रवासी आसने आणि सीटबेल्टचे खिळे-बोल्ट जसेच्या तसे ठेवले. आम्ही बदलले ते फर्निचर, पाण्याची आणि विजेची व्यवस्था आणि पत्र्याआतले अस्तर, एवढेच.

नव्या कपाटांसाठी आम्ही भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून ९ मिलिमीटरचा प्लाय आणला आणि उभ्या-आडव्या चौकटींसाठी ॲल्युमिनियमचे चौरस पाइप घेतले. पातळ फळी मोठ्या मापात झोल खाते, पण दर फूट-दीड फुटावर चौकटीचा आधार मिळाला की ती ताठ राहते. शीट कापून देणाऱ्या सुतारकाकांनी पहिल्या दिवशी कौतुकाने गाडीत येऊन फरशीवर पाणसळ ठेवली आणि बुडबुडा एका टोकाला गेलेला पाहून मान हलवली. गाडी उतारावर उभी होती. उद्या ती दुसऱ्या उतारावर उभी राहील, तेव्हा या घरात ओळंबा आणि पाणसळ दोन्ही निरुपयोगी आहेत, हे पटायला त्यांना थोडा वेळ लागला. काटकोन तपासायचा गुण्या तेवढा कामाचा राहिला, तोही फरशीपुरता, कारण गाडीच्या बाजूच्या भिंती खालून वर जाताना आत झुकतात आणि दोन खिडक्यांमधली वक्रता सारखी नसते. अखेर फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, भिंतीला लावून, पेन्सिलीने रेघ ओढून पुन्हा कापत आम्ही प्रत्येक कपाटाच्या पाठीचा साचा तयार केला. एका कपाटासाठी सात पुठ्ठे वाया गेले. प्लाय मात्र एकही गेला नाही.

[दृश्य : ड्रिलच्या बिटावर गुंडाळलेली पिवळी चिकटपट्टी. पत्र्याचा कीस.]

जुनी कपाटे साध्या स्क्रूंनी पत्र्यात घट्ट केलेली होती आणि त्यांतले निम्मे स्क्रू आम्ही नुसत्या बोटांनी फिरवून काढले. सततच्या थरथरीने स्क्रू पातळ पत्र्यातील आपले भोक स्वतःच मोठे करत जातो. त्याऐवजी आम्ही रिव्हनट वापरले. पत्र्याच्या आतल्या फासळीला भोक पाडायचे, आतून आटे असलेली छोटी नळी त्यात बसवायची आणि हत्याराने ती दाबली की पलीकडच्या बाजूने फुगून पत्र्याला घट्ट पकडते. नंतर तिच्यात बोल्ट आवळता येतो आणि हवा तेव्हा काढताही येतो. भोक पाडताना बाहेरच्या पत्र्याला टोचू नये म्हणून बिटावर १२ मिलिमीटर अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली होती. भोकाच्या कडेला लगेच झिंक प्रायमरचे बोट लावले आणि खाली पडलेला लोखंडी कीस चुंबकाने वेचून काढला. फटीत राहिलेला चिमूटभर कीस एका पावसाळ्यात गंजतो आणि त्याचा तपकिरी ओघळ पांढऱ्या रंगावर उतरतो. आमच्या गाडीच्या मागच्या दारावर तो आधीपासून होता.

कपाटांचा खरा धडा मात्र ताम्हिणी घाटाने दिला. नवे खण बसवून झाल्यावर आम्ही मोठ्या समाधानाने मुळशीमार्गे कोकणात निघालो. खणांना घरच्यासारखे अलगद मिटणारे सॉफ्ट-क्लोज चॅनेल होते. एका तीव्र वळणावर वरचा खण अलगदच उघडला, आणि पोह्यांचा डबा, चहाचा डबा आणि मिसळणाचा डबा या क्रमाने खाली आले. अलगद मिटणारा खण मिटून राहीलच असे नाही, हे त्या वेळी कळले. हळद आजही फरशीच्या सांध्यात दिसते. परत आल्यावर प्रत्येक खणाला आणि दाराला बटण दाबल्याशिवाय न उघडणारा खटका बसवला आणि जड डबे सर्वांत खालच्या खणात नेले.

पाण्याच्या टाकीची जागा हा त्याहून गंभीर विषय होता. जुनी टाकी पलंगाखाली, अगदी मागच्या दाराशी होती, कारण तिथे पाणी भरणे सोपे जाते. तिचा मध्य मागच्या आसापासून सुमारे एक मीटर मागे होता. दोन आसांमधील अंतर ३.३५ मीटर आहे. अशा वेळी गाडी पहारीसारखी वागते : मागच्या चाकांचा टेकू होतो आणि मागे ठेवलेले वजन पुढची बाजू वर उचलते. गणित केले तर ८० किलो पाण्यामुळे पुढच्या आसावरचा भार सुमारे २४ किलोंनी कमी होतो आणि मागच्या आसावर ८० नव्हे, तर १०४ किलोंची भर पडते. स्टीअरिंग हलके लागते म्हणून आम्ही इतके दिवस खूश होतो, ते हेच. आता ४० लिटरच्या दोन टाक्या मागच्या चाकांच्या पुढे, दोन्ही बाजूंना एकेक अशा बसवल्या आहेत. एक पूर्ण संपवूनच दुसरी उघडायची, असा नियम केल्यामुळे अर्धवट भरलेल्या मोठ्या टाकीत जसे पाणी हिंदकळते, तसे आता फारसे हिंदकळत नाही.

[दृश्य : रात्र. समुद्राचा आवाज. फ्रीजचा लुकलुकणारा लाल दिवा.]

विजेच्या बाबतीत चूक आमची स्वतःची होती. पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून सामान आणताना घरातल्या दिव्यांना असते तशी दीड चौरस मिलिमीटरची वायर आणली आणि १२ व्होल्टचा फ्रीज तिच्यावर जोडला. मुरुडच्या किनाऱ्यावर पहिल्याच रात्री फ्रीज दर अर्ध्या तासाने बंद पडू लागला. बॅटरी भरलेली होती, फ्रीजही नवा होता. दोष वायरीत होता. ४५ वॉटच्या उपकरणाला घरच्या २३० व्होल्टवर ०.२ अँपिअर प्रवाह पुरतो, तर १२ व्होल्टवर पावणेचार अँपिअर लागतात, आणि कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी तर त्याच्या दुप्पट. बॅटरीपासून फ्रीज पाच मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबे. त्या सुरुवातीच्या धक्क्याला वायरीतच जवळजवळ एक व्होल्ट खर्ची पडत होता आणि बॅटरी संपत आली असे समजून फ्रीज स्वतःला बंद करत होता. सहा चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यावर तो गुण गेला. बॅटरीच्या धन टोकाला वीतभर अंतरात फ्यूज लावणे हे मात्र आम्ही पहिल्यापासून पाळले होते, कारण पत्र्याच्या कडेवर घासून सोललेली वायर आग लावू शकते आणि फ्यूज त्या जागेच्या आधी नसेल तर त्याचा काहीच उपयोग होत नाही.

जुनी बॅटरी इन्व्हर्टरची, १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर होती आणि तिचे वजन ५८ किलो होते. अशी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवत गेल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून तिच्यातले प्रत्यक्ष वापरण्याजोगे ९०० वॉट-तासच. शिवाय चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि ती आमच्या उशाखाली होती. तिच्या जागी घेतलेली १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १३ किलोंची आहे आणि ती हजार वॉट-तास निर्धास्तपणे देते. फ्रीज, पंखा, दिवे आणि पाण्याचा पंप मिळून आमची दिवसाची गरज ९०० वॉट-तासांच्या आत राहते. किंमत चटका लावणारी होती, हे कबूल केले पाहिजे.

अस्तराविषयी थोडक्यात सांगता येईल. पत्र्याच्या आत पूर्वी काचलोकर (ग्लासवूल) भरलेली होती. कोकणातल्या दमटपणात तिने पाणी धरून ठेवले होते आणि ती बाहेर काढली तेव्हा ओल्या गोधडीसारखी जड लागत होती. आता तिथे पाणी न शोषणारा, बंद पेशींचा फोम चिकटवला आहे. झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास बाष्प बाहेर पडते. त्याला वाट हवी, म्हणून गादीखालची सलग फळी काढून पट्ट्या लावल्या आणि छतावरच्या मूळ झरोक्यात पंखा बसवला. पलंग मात्र लांबीच्या दिशेनेच राहिला. आडवा ठेवला असता तर दीड फूट मोकळी जागा मिळाली असती, परंतु गाडीची आतली रुंदी साडेपाच फूट आहे आणि आमच्यातले एक जण पाच फूट नऊ इंच.

स्वयंपाकाचा प्रश्न फोडणीने सोडवला. बंद गाडीत एकदा मिरचीची फोडणी दिली की डोळ्यांतून पाणी येते ते येतेच, पण तेलाचा सूक्ष्म थर पडद्यांवर आणि गादीवर बसतो आणि तो वास पुढच्या मुक्कामापर्यंत सोबत येतो. म्हणून ओटा आता सरकत्या दाराशी आणला आहे. मजबूत रुळांवर तो गाडीबाहेर दोन फूट ओढता येतो, आणि शेगडी पेटते ती आभाळाखाली. पाच किलोंच्या सिलिंडरसाठी वेगळा बंद कप्पा केला आहे व त्याच्या तळाला बाहेर उघडणारे छिद्र ठेवले आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळाशी साचतो.

[दृश्य : पुन्हा तोच वजनकाटा. दुपारचे ऊन.]

आठ महिन्यांनी आम्ही त्याच काट्यावर परत आलो. कपाटांत ११० किलो, बॅटरीत ४५ आणि ओट्यात २४ किलो कमी झाले होते. फोम, रूळ आणि खटके यांनी २० किलोंची भर घातली होती. या वेळी दोन्ही टाक्या काठोकाठ भरलेल्या होत्या आणि तरी मर्यादेला १४० किलो शिल्लक होते. काट्यावरच्या माणसाने चिठ्ठी देताना माल उतरवला का, असे विचारले.

त्या १४० किलोंचा हिशोब वहीत आहे. चमच्यांपासून चादरींपर्यंत प्रत्येक वस्तू घरच्या तराजूवर ठेवून मगच आत घेतली गेली. अपवाद फक्त सासूबाईंनी दिलेल्या बिडाच्या तव्याचा. तो सर्वांत खालच्या खणात आहे, खटका लावलेला आहे आणि त्याचे वजन करायचे नाही, असे घरात ठरले आहे.