कपाटाची किल्ली

(पाऊस. चिऱ्याच्या पायऱ्या, त्यांवर हिरवंगार शेवाळ.)

जुलै महिना, मालवण तालुका. खळ्यातून परसात उतरणाऱ्या ह्या चार पायऱ्या. तिसरीवरून आजींचा पाय सरकला. वय ७२. खुब्याचं हाड मोडलं.

(थिएटरचा बंद दरवाजा. बाकावर सून, मांडीवर डबा.)

ऑपरेशन दोन दिवसांनी झालं. आत कॅमेरा नेता आला नाही, म्हणून हा दरवाजा. कमरेत सुई देऊन केलेली भूल काही तास टिकते. ती उतरली तेव्हा वॉर्डात दिवे लागले होते.

(आजींची मूठ, मुठीत चादर.)

सिस्टर विचारतात, "आजी, किती दुखता? शून्य ते दहा."
"बरा आसा गो."

सिस्टर ह्याच भागातल्या. हे "बरा आसा" त्या वहीत लिहीत नाहीत. ज्या बाईनं आयुष्यभर डोक्यावरून पाणी आणि गवताचे भारे वाहिले, ती दुखणं आकड्यात कशाला सांगेल? सिस्टर म्हणतात, "जरा खोकून दाखवा बघूया."

(खोकला. चेहरा.)

वहीत ८ लिहिले जातात.

पॅरासिटामॉलची बाटली आधीच लावलेली होती. तिनं भागलं नाही. वय आणि किडन्या बघून डायक्लोफिनॅक हे नेहमीचं वेदनाशामक टाळलेलं. मग हे कपाट.

(लोखंडी कपाट. आत लहान पेटी.)

दोन कुलपं, दोन किल्ल्या. एक सिस्टरकडे, दुसरी ड्युटीवरच्या डॉक्टरांकडे. आणि डॉक्टर आत्ता खाली कॅज्युअल्टीत. ते येईपर्यंत थांबायचं. पेटी उघडली की मॉर्फिन ह्या तीव्र वेदनाशामकाच्या अँप्यूल, म्हणजे काचेच्या कुप्या, मोजायच्या. वहीत रुग्णाचं नाव, केस नंबर, वेळ, दिलं किती, उरलं किती. उरलेलं दोघांच्या साक्षीनं ओतून टाकायचं, सह्या करायच्या, फोडलेली अँप्यूलसुद्धा जमा करायची. कुलूप लावण्याआधी पुन्हा मोजणी. आम्ही घड्याळ लावलं होतं: २३ मिनिटं.

हे औषध अफूपासून निघतं. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफूची शेती होते. नीमच आणि गाजीपूरला सरकारी कारखाने आहेत. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांचं जंजाळ इतकं वाढलं, की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा सुधारला. आता मान्यताप्राप्त रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. पण कागदाची धास्ती कायद्याच्या दुरुस्तीनं जात नाही. कपाट इतका वेळ दाखवलं, ते त्यासाठी.

(सिरिंज. सलाईनची नळी.)

सलाईनमध्ये पातळ करून थोडं थोडं. मध्ये थांबून सिस्टर छातीची हालचाल बघत श्वास मोजतात, कारण मॉर्फिननं श्वास मंदावू शकतो. उतारा म्हणून नॅलोक्सोन ट्रेमध्ये तयार.

(सुनेचा फोन स्पीकरवर.)

मुंबईहून मुलगा: "म्हणजे अफूच ना ती? आईला सवय लागली तर?"

डॉक्टर सांगतात, दोन-तीन दिवस, मोजून, मग साध्या गोळ्या. सवयीचा धोका आहे. घरी नेलेल्या अफूवर्गातल्या गोळ्या लांबत गेल्या की तो वाढतो, आणि त्यातलं ट्रॅमाडॉलही २०१८ पासून ह्याच अमली पदार्थ कायद्याखाली आलंय. मॉर्फिननं पोट साफ होत नाही, त्याचं औषध आजच सुरू.

(सकाळ. खिडकीत माड. वॉकर.)

दुखणं दबलं की रुग्ण खोल श्वास घेतो, खोकतो, उठून बसतो. पडून राहिलं तर छातीत कफ साठतो, पायात रक्ताची गुठळी होते.

आजी उभ्या राहिल्या. एक, दोन, तीन. खिडकीपर्यंत सहा पावलं.

सातव्याआधी त्यांनी कॅमेरा बंद करायला लावला. केस विंचरलेले नव्हते.