फोटोची मागची बाजू

(दृश्य: पाटणची अरुंद गल्ली. विटांच्या भिंतींवर मोठे कृष्णधवल फोटो.)

काठमांडूहून बागमती ओलांडली की आलंच पाटण. 2018 साली ‘फोटो काठमांडू’ महोत्सवात या गावात ‘नेपाळ पिक्चर लायब्ररी’ या फोटोसंग्रहानं नेपाळी स्त्रियांच्या सार्वजनिक आयुष्याचे फोटो लावले. कुणी मोर्चाच्या पुढे आहे, कुणी सभेत बोलतेय. हे फोटो सरकारी दप्तरातून आलेले नाहीत. ते घरोघरच्या ट्रंकांमधून, कपाटांमधून निघाले आहेत.

(दृश्य: टेबल, स्कॅनर. कॅमेरा हातांवर.)

हे हात नीट पाहा. काळ्या कागदाचा अल्बम, पानापानांत पिवळा पडलेला बटर पेपर. फोटो कोपऱ्यांतून हळूच सोडवायचा, मऊ ब्रशनं धूळ झाडायची आणि काचेवर पालथा ठेवायचा. पुढची बाजू झाली की मागचीही घ्यायची. ती चुकवून चालत नाही, कारण नाव, गाव, साल असेल तर तिथंच, शाईनं लिहिलेलं.

लिपी देवनागरी, त्यामुळे आपल्यालाही ती वाचता येते. सालापाशी मात्र अडायला होतं. फोटो जुना आणि मागे लिहिलंय 2007! हे विक्रम संवत. त्यातून 57 वजा करायचे, म्हणजे 1950 येतं. महिना माघ, फाल्गुन किंवा चैत्र असेल तर 56. नेपाळी माणूस क्रांतीसुद्धा सालानंच ओळखतो. ‘सात साल’, म्हणजे 2007, म्हटलं की पिढीजात पंतप्रधान असलेल्या राणा घराण्याची सत्ता गेली ते. ‘छयालीस साल’, म्हणजे 2046, म्हटलं की 1990चं जनआंदोलन, ज्यानं पंचायत राजवट, म्हणजे पक्षांवर बंदी घालणारी राजाची सत्ता, संपवली.

स्कॅन झालं की अल्बम आपल्या घरी परत जातो. नेपाळ पिक्चर लायब्ररी मूळ फोटो स्वतःकडे ठेवत नाही, प्रत ठेवते आणि जोडीला घरच्यांनी सांगितलेल्या आठवणी. 2011पासून असे लाखाहून जास्त फोटो जमले. त्यातल्या स्त्रियांचा वेगळा शोध नयनतारा गुरुंग काक्षपती आणि दिवस राजा केसी यांनी घेतला.

तो घ्यायलाच हवा होता. मंगलादेवी सिंह म्हटलं की पुढचं वाक्य येतं, नेपाळी काँग्रेसचे नेते गणेशमान सिंहांच्या पत्नी. साधना अधिकारी? कम्युनिस्ट नेते मनमोहन अधिकारींच्या पत्नी. साधनांची बहीण सहाना प्रधान? कम्युनिस्ट नेते पुष्पलालच्या पत्नी. नातं खरंच आहे, पण ओळख तिथंच थांबते. मंगलादेवींनी 1947 साली, राणांच्या अमलात, महिला संघ उभा केला आणि स्त्रियांना मताचा हक्क मागितला. त्याच वर्षी सहाना आणि साधना या बहिणी रस्त्यावर उतरल्या. शैलजा आचार्य तर शाळकरी वयाच्या. राजा महेंद्रनं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं, तेव्हा 1961च्या लोकशाही दिनी त्यांनी राजालाच काळा झेंडा दाखवला आणि तीन वर्षं तुरुंगात काढली.

(दृश्य: 1990चे फोटो, एकामागून एक. निवेदन नाही. फक्त घोषणांचा आवाज.)

हेच पाटण तेव्हा पेटलं होतं. लोकांनी रस्ते खोदले, पोलिसांना गावाबाहेर रोखलं. डाव्यांच्या संयुक्त मोर्चाच्या अध्यक्ष होत्या सहाना प्रधान. 8 एप्रिलच्या रात्री राजा बीरेंद्रसमोर चार नेते बसले, त्या चौघांत त्या एकट्या स्त्री. पक्षांवरची बंदी त्याच रात्री उठली.

2015च्या संविधानानं संसदेतल्या एक तृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या. मुलाला आईच्या नावानं नागरिकत्व मिळवताना मात्र अजून अटी आहेत.

(दृश्य: पुन्हा टेबल. शेवटचा फोटो.)

हा समूहफोटो. नऊवारीसारखं काही नाही, साधी पाचवारी आणि खांद्यावर शाल. सगळ्या थेट कॅमेऱ्याकडे पाहतायत. मोजा. पुढच्या बाजूला सात जणी आहेत.

(दृश्य: फोटो उलटला जातो.)

मागे नावं पाच.

संगणकावर नोंद भरली जाते. पाच नावं, मग दोन रिकाम्या ओळी. त्या खोडलेल्या नाहीत, तशाच सोडल्या आहेत. फोटो पुन्हा कोपऱ्यांत बसतो, बटर पेपर खाली येतो आणि पुढचं पान उघडतं.