घोड्यांची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या जुलैमध्ये आम्ही नवरा-बायको जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सायकलने गेलो. डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने, सव्वातीनशे किलोमीटर, नऊ दिवसांत. हे ऐकलं की लोक आधी आमच्या गुडघ्यांची चौकशी करतात. गुडघे ठणठणीत आहेत, आणि त्याचं श्रेय घोड्यांना आहे.

आगबोटी येण्याआधी धान्याने आणि वाईनच्या पिंपांनी भरलेल्या नावा प्रवाहाविरुद्ध वर न्यायच्या, म्हणजे काठावरून घोड्यांनी दोरखंड ओढायचे. त्या घोड्यांच्या वाटेला तिथे ‘ट्रेपेलवेग’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजं आली, घोडे गेले, वाट राहिली. आज तिच्या बऱ्याच भागावर डांबर आहे आणि त्यावरून सायकली धावतात. नदीला लागूनच असल्यामुळे चढ असा नाहीच. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून रुमानियात काळ्या समुद्रापर्यंत जाणारा ‘युरोव्हेलो ६’ हा साडेतीन हजार किलोमीटरांहून लांब सायकलमार्ग इथूनच जातो. आमचा तुकडा त्याचा दहावा हिस्सासुद्धा नाही.

पासाऊला तीन नद्यांचा संगम आहे. जंगलातल्या दलदलीतून येणारी इल्झ काळपट, आल्प्समधून येणारी इन हिरवट-राखाडी आणि मध्ये डॅन्यूब. संगमानंतर बरंच अंतर हे रंग वेगळे दिसतात. खरं तर इनचं पाणी सरासरीने डॅन्यूबपेक्षा जास्त, पण पुढे नाव चालतं ते डॅन्यूबचं. मी पुण्याची. आमच्याकडे निदान मुळा-मुठा म्हणून दोघींची नावं राहिली.

सायकली पासाऊला भाड्याने घेतल्या आणि पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. ह्यांना सायकल म्हटली की शर्यत. पोरवयात पर्वतीच्या पायथ्याशी मित्रांबरोबर लावायचे तशी. मी आपली कणसांची शेतं आणि खिडक्यांतली लाल जिरेनियम बघत चाललेली. मान वर केली की हे पुढच्या वळणावर ठिपका झालेले.

दुसऱ्या दिवशी श्लोगनला कठीण खडकापाशी नदी पुरती मागे वळते, ते वळण बघून आम्ही होडीने पलीकडे गेलो. होडीवाल्याने सायकली अलगद उचलून आत घेतल्या आणि ‘ग्र्यूस गॉट’ म्हणाला. आपल्या रामरामासारखंच, देवाचं नाव घेऊन केलेला नमस्कार. तिथून तासाभरात पाऊस लागला आणि माझं मागचं चाक बसलं. मी हाका मारल्या, घंटी वाजवली. ठिपका निघून गेला.

आता एक गंमत सांगते. आमच्या घरात पंक्चर काढता येतं ते मला. कॉलेजला रोज कोथरूडहून सायकलने जायचे आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराने एकदा मला ते शिकवलं होतं. सफरचंदाच्या बागेशेजारी एक लाकडी छप्पर होतं, त्याखाली सायकल उलटी केली. टायर उचकटून ट्यूब बाहेर काढली, थोडी हवा भरली, जेवणाचा डबा रिकामा करून त्यात नदीचं पाणी आणलं आणि ट्यूब इंच इंच बुडवत गेले. बुडबुडे दिसले तिथे बोट ठेवलं, पुसून कोरडं केलं, पॉलिशपेपरने घासलं, सोल्यूशन लावलं, फुंकर घातली. ते लगेच चिकटवायचं नाही. बोटाला चिकट लागेनासं झालं की मग ठिगळ ठेवून दाबायचं. टायरच्या आतून बोट फिरवलं तेव्हा काचेचा तुकडा सापडला, साबुदाण्याएवढा. तोच राहिला असता तर सगळं पुन्हा.

मी हवा भरत होते तेव्हा हे परत आले, नखशिखांत भिजलेले.
“अगं, मला वाटलं तू मागेच आहेस.”
“मागेच होते. तीच तर अडचण आहे.”

त्या दिवशी ठरलं, पुढे मी. हळू चालवणाऱ्याने पुढे राहायचं, म्हणजे कुणी हरवत नाही. दोन दिवस हे धुसफुसले, मग सवय झाली. एका खानावळीत त्यांना ‘राडलर’ नावाचं पेय सापडलं, बिअरमध्ये लिंबूसोडा. राडलर म्हणजे सायकलवाला. हे आपल्यासाठीच काढलंय, असं ते अजून मानतात.

लिंट्झच्या पुढे माउटहाउझेन लागलं. काठावर रंगीत घरांचं टुमदार गाव आणि वर टेकडीवर १९३८ मध्ये नाझींनी उघडलेली छळछावणी. सायकली खाली कुलूप लावून ठेवल्या आणि चालत वर गेलो. दगडाच्या खाणीतून १८६ पायऱ्यांवरून कैदी पाठीवर ग्रॅनाइट वाहत असत. या छावणीत आणि तिच्या शाखांमध्ये नव्वद हजारांवर माणसं मेली. खाणीच्या तळाशी आता गवत आहे. उतरताना हे माझ्याही मागे चालत होते, कुणीच काही बोललं नाही.

मेल्कच्या मठापासून क्रेम्सपर्यंतचा छत्तीस किलोमीटरचा वाखाऊचा पट्टा म्हणजे द्राक्षमळे आणि जर्दाळू. जुलै म्हणजे जर्दाळूचा हंगाम. ‘मारिलेनक्न्योडेल’ खाल्ले. जर्दाळूची बी काढून तिथे साखरेचा खडा ठेवतात, बटाट्याच्या किंवा दह्याच्या चक्क्यासारख्या पनीरच्या पिठात गुंडाळून पाण्यात उकडतात आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. मोदकाच्या जवळचं काही असेल, या आशेने मी चावा घेतला. नाही. आंबटपणाने डोळे मिटले आणि मी दुसरा मागवला.

क्रेम्सच्या पुढे, दक्षिण काठावर झ्वेंटेनडॉर्फचा अणुवीज प्रकल्प. पूर्ण बांधून झाल्यावर ५ नोव्हेंबर १९७८ ला सार्वमत घेतलं आणि तीस हजारांहून कमी मतांच्या फरकाने लोकांनी नको म्हटलं. एक दिवसही न चालता तो तसाच उभा आहे. ह्यांनी आयुष्यभर वीज मंडळात नोकरी केली. पाऊण तास ते तिथे थांबून बघत राहिले, आणि या वेळी थांबावं लागलं ते मला.

या नदीचे किलोमीटर मुखापासून मोजतात. पासाऊला काठावरच्या पाटीवर बावीसशेच्या वरचा आकडा होता, व्हिएन्नात १९३० च्या आसपासचा. काळा समुद्र अजून तेवढा लांब.

सायकली परत केल्या तेव्हा दुकानातल्या मुलाने चाकं अंगठ्याने दाबून पाहिली, ब्रेक पाहिले आणि मान हलवली. पंक्चरचं मी सांगितलं नाही. माझं ठिगळ आत तसंच आहे.