लाट तोलणारी नळी

(दृश्य : शिवाजी उद्यमनगर. लेथवर फिरणारी नळी.)

कोल्हापूरच्या या लेथवर आज पंपाचा जॉब नाही, ॲल्युमिनियमची जाड नळी चढली आहे. बॅटरी, तापमापक, दाबमापक आत बसले की ही नळी समुद्रात २०० मीटर खोल वाहत राहील आणि वरून न दिसणारी लाट मोजेल.

(दृश्य : काचेची टाकी. खाली निळं मिठाचं पाणी, वर गोडं.)

फळी हलली, आणि लाट उठली ती दोन पाण्यांच्या मधोमध. वरचा पृष्ठभाग जवळपास सपाटच. समुद्रात भरती-ओहोटीचं पाणी तळावरच्या डोंगररांगा ओलांडतं, तेव्हा वरचं उबदार आणि खालचं गार पाणी यांच्यामध्ये हेच घडतं. अंदमान समुद्रात ६० मीटर उंचीच्या लाटा नोंदल्या आहेत. पाणबुड्या, तेलविहिरींचे पाइप, मासळी, सगळ्यांना त्या भिडतात.

(दृश्य : झाकणाची खाच, पाणी अडवणारी रबरी कडी म्हणजे ओ-रिंग.)

२०० मीटर खोल दर चौरस सेंटिमीटरला २० किलोहून जास्त दाब. ग्रीसमध्ये एक केस राहिला तरी पाणी आत शिरतं. म्हणून झाकण लावून आतली हवा ओढतात आणि नळी रात्रभर ठेवतात. सकाळी आतल्या दाबाचा काटा हलला असेल तर परत खोलायचं.

(दृश्य : हौद, तराजू, शिशाचे छर्रे.)

खरी कसोटी इथे. २५ लिटर आकारमानाची नळी गोड्या पाण्यात साधारण २५ किलोला अधांतरी राहते. घनमीटरला १०२७ किलो भरणाऱ्या समुद्राच्या पाण्यात तिला २५ किलो ६७५ ग्रॅम लागतात. वरचे ग्रॅम छर्ऱ्यांनी भरायचे. अंगाला चिकटलेले बुडबुडे वजन खोटं दाखवतात, ते ब्रशनं झाडावेच लागतात. १९५५ मध्ये ब्रिटिश समुद्रशास्त्रज्ञ जॉन स्वॉलो यांनी तर परांचीच्या ॲल्युमिनियम नळ्या कॉस्टिक सोड्यानं झिजवून हलक्या केल्या होत्या. अस्सल कारागिरी!

(दृश्य : संगणकावर दोन आलेख.)

नळी पाण्यापेक्षा कमी दबते. त्यामुळे लाट पाणी उचलते तेव्हा वर येणारं पाणी नळीपेक्षा जास्त फुगून हलकं होतं आणि नळी अर्धीमुर्धीच उचलली जाते. ती जितकी उचलली गेली ते दाबमापक सांगतो. जितकं गार पाणी तिला ओलांडून वर गेलं ते तापमापक सांगतो. दोन्हींची बेरीज म्हणजे लाटेची उंची. एकाच आलेखावर विसंबलं तर ती कमीच निघते.

राहिली नोंदींची वेळ. लाट काही मिनिटांत निघून जाते, अर्ध्या तासाला एक नोंद ठेवली तर ती सापडतच नाही. दर सेकंदाला ठेवली तर बॅटरी लवकर संपते. या नळीत मिनिटाला एक ठेवली आहे.